निळ्या काठाची पिशवी

ताडकळस
१४ डिसेंबर २०२३

आक्कांना सुकेशनीचा सप्रेम जयभीम.

पिशवी हातात आली की तुम्ही आधी भाजी काढता आणि चिठ्ठी संध्याकाळी वाचता, हे मला माहीत आहे. म्हणून यावेळी चिठ्ठी वर आणि भाजी तळाला. आधी वाचा, मग हात घाला.

घरी सगळं ठीक. तुमचे बंधुराज सिद्धोधनराव सकाळी शेतात जातात, दिवेलागणीला येतात आणि मधल्या वेळात माझ्याशी शब्द बोलत नाहीत. बोलले तरी मला कुठे ऐकू येतं, म्हणून त्यांची सोयच झाली आहे. कानाचं नवं मशीन मी पेटीत टाकलं. त्यात माणूस ऐकू येत नाही, नुसता ट्रॅक्टर येतो. समोरच्याचे ओठ बघून कळतं तेवढं मला पुरे. तुमची रोहिणी म्हणाली, मामी, फोनवर व्हिडिओ लावा. लावला. तर दिसलं काय, तुमच्या घराचं छत आणि दाजींचा एक कान! त्यापेक्षा आपल्या गावचा भुजंग कंडक्टर बरा. तो परभणी-सोनपेठ गाडीवर आहे तोवर आपल्याला टपालाची गरज नाही.

हरभऱ्याचे शेंडे परवाच खुडून झाले. बोटं अजून आंबट लागतात. सावलीत वाळवून, मीठ लावून चोळून, दोन पिशव्या भरल्या. एक आमची, एक तुमची. आक्का, आई गेल्या त्या दिवशी तुम्ही ओट्याला टेकून काहीतरी पुटपुटलात. कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे. पण मी ओठ वाचले. "आता मला वाळली भाजी कोन धाडंल?" म्हणालात. मला आधी वाटलं, काय बाई ही, आई गेली आणि हिला भाजीचं पडलंय. मग कळलं आणि मी चुलीपाशी जाऊन रडले. तेव्हाच ठरवलं की मी धाडणार. आईंच्याच लुगड्याची ही निळ्या काठाची पिशवी, त्यांनीच शिवलेली. त्यांचा नियमही तोच राहील. पिशवी रिकामी परत यायची नाही. दोन लिंबं टाका, पण टाका.

आणि एक. दिवाळीच्या सुट्टीत आलात तेव्हा गच्चीचा जिना चढून तुम्ही वरच बसकण मारलीत, छातीवर हात धरून. मी विचारलं तर "काही नाही". खोटं बोलताना तुमचे ओठ आत वळतात, आक्का. दवाखान्यात जाऊन या.

तुमची
सुकेशनी


सोनपेठ
९ जानेवारी २०२४

प्रिय सुकेशनी, जयभीम.

चिठ्ठी आधी वाचली. तुझ्या धाकानं परभणीलाही जाऊन आले.

तिथे छातीला वायरी चिकटवून ईसीजी काढला, मग इको. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी घसा दुखून ताप आणि मग गुडघे सुजले होते का? मी चकितच झाले. पाचवीत असताना मी महिनाभर चालू शकत नव्हते. आई निरगुडीच्या पाल्यानं शेकायची. गुडघे बरे झाले आणि सगळे ते विसरूनही गेले. पण त्या आजारानं हृदयाच्या एका झडपेवर वण ठेवला होता. इतकी वर्षं ती आखडत गेली. आता हृदयाचा वरचा कप्पा धड दाबला जात नाही, नुसता थरथरतो. माझ्या वर्गातली पोरं पाढे म्हणतात ना, चार पुढे पळतात, दोन मागे राहतात, एखादं मध्येच गप्प बसतं, तसे माझे ठोके पडतात. मास्तरणीचं हृदय असून शिस्त नाही बघ.

भीती ठोक्यांची नाही म्हणे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी, जन्मभर. दर महिन्याला रक्त तपासायचं, आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहिला पाहिजे. पुढे झडपेचं काय करायचं ते डॉक्टर बघणार आहेत. तू फिकीर करू नकोस.

भाजी नेहमीसारखीच. पिशवीत तिळाचे लाडू आणि गोदावरीकाठची वांगी आहेत. लाडू सिद्धोधनच्या आधी तू खा.

तुझी
आक्का


सोनपेठ
९ जानेवारी २०२४

चि. सिद्धोधनास आशीर्वाद.

ही चिठ्ठी पिशवीत नाही, भुजंगच्या खिशात दिली आहे. फोनवर सांगितलं असतं. पण मी काही बोलले की तू ते मोठ्यानं परत म्हणतोस आणि सुकेशनी समोर बसून तुझे ओठ वाचते.

दवाखान्यातल्या सिस्टरनं पालेभाज्या बंद सांगितल्या आहेत. मेथी, पालक, करडई, हरभरा. त्यांच्यामुळे या गोळीचा जोर उतरतो आणि गुठळीचा धोका वाढतो. आत जाऊन डॉक्टरांना नीट विचारावं असं मनात आलं होतं, पण बाहेर एवढे लोक ताटकळत होते, राहिलं.

सुकेशनीची भाजी मी शेजारच्या भिवराबाईला दिली. तिच्या सुनेला दिवस गेलेत, तिला हरभऱ्याची भाजीच हवी होती. पण सुकेशनीला हे कळता कामा नये. आई गेल्यावर माझं माहेर तिनं त्या एका पिशवीत बांधून ठेवलं आहे. तिला मी कोणत्या तोंडानं म्हणू की तुझं नको? तू काहीतरी कारण काढून तिला हळूहळू थांबव. माझं नाव घेऊ नकोस, तुला माझी शपथ आहे.

आक्का


ताडकळस
२१ जानेवारी २०२४

आक्कांना जयभीम.

रक्त पातळ करायची गोळी! आक्का, आधी तुमच्या अंगात रक्त आहे किती? त्यात पाणी घातल्यावर उरणार काय? डॉक्टर शिकलेले आहेत, गोळी चुकवू नका. पण अंगात बळही पाहिजे. पालेभाजीनं रक्त भरतं, हे आमच्या आईपासून तुमच्या आईपर्यंत सगळ्यांनी सांगितलं आहे. म्हणून ताजी मेथी पाठवते आहे आणि आमच्या वाट्याची वाळली भाजीसुद्धा.

तुमचे बंधुराज आडवे आले. म्हणाले, "आता कशाला येवढी? आक्काला कितीक लागती?" आजारी बहिणीला भाजी द्यायला ह्यांचा हात आखडतो! असा राग आला की मी पिशवी दाबून दाबून भरली.

लाडू मी आधी खाल्ले. यांना दोन ठेवले.

सुकेशनी


ताडकळस
१२ डिसेंबर २०२४

सौ. बबिताताई यांस जयभीम.

यावेळी पिशवीत लिंबाचं लोणचं आहे. भाजी नाही.

वर्षभर मी पाठवत राहिले आणि तुम्ही "नेहमीसारखीच" म्हणून लिहीत राहिलात. परवा भुजंग आमच्या अंगणात चहा पीत होता. म्हणाला, "वैनी, तुमच्या हातची भाजी सोनपेठात लय नावाजली. भिवराबाई तर ष्ट्यांडावरच पिशवीची वाट बघत उभी असती." त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला वाटलं मी खूश होईन. मी पुन्हा विचारलं, पुन्हा ओठ बघितले. तेच होतं. यांच्याकडे बघितलं तर हे उठून गोठ्यात गेले.

तुमच्या आईच्या हातची भाजी तुम्ही कधी कुणाला दिली नाहीत. रोहिणीच्या बाबांनासुद्धा मोजून वाढायचात. माझी मात्र शेजारी गेली. बरोबर आहे. मी सून, मी काही आई नाही. मला उगाच वाटलं होतं की मी झाले.

नको होती तर एक ओळ लिहायची होती. मला ऐकू येत नाही, वाचता तर येतं.

सुकेशनी


सोनपेठ
१७ डिसेंबर २०२४

माझी सुकेशनी,

"सौ. बबिताताई" वाचलं आणि मला आधी वाटलं, चिठ्ठी चुकून दुसऱ्या कुणाची आली. पंचवीस वर्षांत तू मला असं कधी लिहिलं नव्हतंस.

मी भाजी दिली, खरं आहे. पोट जरा बिघडलं होतं, जड अन्न सोसत नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू जीव टांगणीला लावून बसली असतीस, म्हणून नाही सांगितलं. आता सगळं ठीक आहे. डॉक्टरांना विचारलं, सगळं चालतं म्हणाले.

भाजी धाड. मी मागून घेते आहे. आईकडे मी कधी मागितली नव्हती, ती न मागता द्यायची. तुझ्याकडे मागते. यावर्षी एक पानसुद्धा भिवराबाईकडे जाणार नाही.

पिशवीत तुझ्यासाठी स्वेटर आहे. लोणचं पहिल्याच दिवशी अर्धं संपलं.

तुझीच
आक्का


ताडकळस
२९ डिसेंबर २०२४

आक्का,

मी वेडी आहे. तुम्ही शहाण्या आहात. एवढंच लिहिते, कारण भुजंग दारात उभा आहे आणि मी अजून पिशवीचं तोंड बांधते आहे. तिप्पट भरली आहे.

स्वेटर घालूनच लिहिते आहे.

सुकेशनी


सोनपेठ
२६ जानेवारी २०२५

प्रिय सुकेशनी,

आज झेंडावंदन करून आले आणि लिहायला बसले. रोज तुझी भाजी खाते आहे. सकाळी भाकरीबरोबर, संध्याकाळी डाळ घालून, वर लसणाची फोडणी. तुझे दाजी म्हणतात, घराला शेताचा वास यायला लागला. पहिल्या दिवशी घास तोंडात घातला आणि मला आईची परात दिसली. तिच्या हातापेक्षा तुझ्या हातात मीठ एक चिमूट जास्त आहे, आणि मला तेच आवडलं. हे तुला खूश करायला लिहीत नाही. ओठ बघायला तू इथे हवी होतीस.

कवायतीच्या गडबडीत या महिन्यात रक्त तपासायला जाणं झालं नाही. पुढच्या महिन्यात जाईन. थोडी दमते, बाकी मजेत.

पिशवीत बोरं आहेत. शाळेतल्या पोरांनी आणून दिली.

आक्का


परभणी
१९ फेब्रुवारी २०२५

सौ. सुकेशनीताई यांस दत्तरावांचा जयभीम.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. तुमच्या नणंदेनं माझ्याही वाट्याचं लिहिलं. पण सिद्धोधननं तुम्हाला "चक्कर आली, ॲडमिट केलं" एवढंच सांगितलं असं कळलं. उद्या तुम्ही इथे याल आणि चार माणसांच्या ओठांवरून अर्धंमुर्धं वाचाल. त्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण वाचा.

गुरुवारी सकाळी शाळेला निघताना चप्पल घालायला ती वाकली आणि उजव्या अंगावर पडली. हृदयातली गुठळी मेंदूत गेली. उजवा हात आणि पाय गेला. वाचाही गेली. जीव वाचला आहे.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. आकडा दोनच्या बराच खाली होता. गोळी चुकली होती का विचारलं. एकही चुकली नव्हती, मी स्वतः पाणी आणून देत होतो. मग खाण्याचं विचारलं आणि मी भाजीचं सांगितलं.

ताई, तिला पालेभाजी बंद होती. हे मला माहीत होतं आणि सिद्धोधनलाही वर्षभरापासून माहीत होतं. मी तिला अडवलं होतं. ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारलंय. आन् वाळल्यावर त्यात काय राहातंय, पाचोळाच की." तिनं विचारलं नव्हतं. मी शहानिशा केली नाही, तो दोष माझा आहे.

आता सगळ्यात वाईट ते लिहितो. डॉक्टर म्हणाले, बंद करायची गरजच नव्हती. रोज थोडी, तेवढीच, आणि आम्हाला सांगून खाल्ली असती तर आम्ही गोळी तिच्या बेतानं लावली असती. वर्षभर काही नाही आणि मग एकदम दोन्ही वेळा, त्यात रक्ताची तपासणी चुकलेली, त्यानं घात झाला.

तुम्ही स्वतःला बोल लावू नका. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. येताना उबदार पांघरूण आणा, इथे तिला थंडी वाजते.

दत्तराव


सोनपेठ
६ एप्रिल २०२५

अहो,

आक्कांजवळ येऊन दीड महिना झाला, पण तुमच्याशी बोलायचं मन होत नव्हतं. तुम्हाला वर्षभर माहीत होतं. "कितीक लागती" म्हणण्याऐवजी खरं काय ते म्हणाला असतात तर मी तुमचे ओठ वाचलेच असते. आक्कांनी शपथ घातली होती, हे दाजींनी सांगितलं. तरी माझा राग गेलेला नाही. घरी आल्यावर भांडेन, आत्ता आक्कांकडे बघते.

त्यांना आता एकच शब्द येतो. "हो." बाकी सगळे शब्द गेले, तो एक राहिला. पाणी देऊ का, हो. दुखतंय का, हो. भाकरी कुस्करू की भात, हो. भेटायला आलेली माणसं गोंधळतात आणि लवकर उठतात. मी गोंधळत नाही. मला आवाजाचा आधार कधीच नव्हता, मी तोंड बघते. आक्कांचं अर्धं तोंड वाकडं झालं आहे, पण उरलेलं अर्धं खरं बोलतं. त्यांना बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही, आणि दिवसभर आमचं चालू असतं. दाजी म्हणतात, दोघी मिळून एक माणूस पुरा होतो.

मी रोज हरभऱ्याची भाजी करते. घाबरू नका, डॉक्टरांना विचारून. मूठभर, रोज तेवढीच. आठवड्याला रक्त तपासतात, आकडा नीट आहे. एवढंच करायचं होतं हो. एवढंच.

काल मी धीर करून विचारलं. "आक्का, तुम्हाला भाजी खायची नव्हती ना? माझ्यासाठी खाल्लीत ना?" म्हणाल्या, "हो." मग विचारलं, "माझ्यावर राग आहे का?" म्हणाल्या, "हो." आणि मान मात्र जोरजोरात नाही नाही हलवत होत्या, डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

हरभरा काढून झाला असेल. बियाण्याचा निराळा ठेवा.

सुकेशनी


ताडकळस
१५ डिसेंबर २०२५

चि. रोहिणीस मामीचा आशीर्वाद आणि जयभीम.

ही पिशवी जिंतूरच्या गाडीनं येईल, चारठाण्याच्या फाट्यावर जावईबापूंना घ्यायला सांग.

पिशवी तू ओळखशील. तुझ्या आजीच्या लुगड्याची आहे. आषाढात तुझ्या आईला दुसरा झटका आला आणि ती गेली. पुण्यानुमोदन झाल्यावर आम्ही घरी परतलो, पिशवी मात्र तिथेच राहिली होती. महिनाभरानं तुझ्या बाबांनी ती धुऊन, घडी घालून भुजंगबरोबर पाठवली. रिकामी. त्यांना बिचाऱ्यांना आमचा नियम कुठे ठाऊक. मी दोन्ही कोपऱ्यांत बोटं घालून बघितलं. मग ती पिशवी उशाखाली ठेवली आणि यावर्षी हरभऱ्याचे शेंडे खुडायचेच नाहीत असं ठरवलं.

पण परवा रानात गेले आणि हात आपोआप चालायला लागले. तुझे मामा शेजारच्या सरीत खुडत होते. आता ते माझ्यासमोर तोंड करूनच बोलतात, सगळं बोलतात, नको असलेलंसुद्धा. म्हणाले, "रोहिणीला धाडू. पर चालती का ते बी विचारू." म्हणून विचारते आहे.

आधी दुसरं सांगते. तुझ्या लेकीचा घसा वरचेवर धरतो असं तू म्हणाली होतीस. घसा दुखून ताप आला तर शेकत बसू नकोस, डॉक्टरकडे ने आणि देतील तेवढं औषध पूर्ण कर. गुडघे दुखले तर त्याच दिवशी ने. तुझ्या आईचं दुखणं पाचवीतल्या घशापासून सुरू झालं आणि आम्हाला ते शेवटी कळलं. तूही एकदा छाती तपासून घे, माझ्या समाधानासाठी.

आता भाजी. वाळवून, चोळून भरली आहे, मीठ नेहमीपेक्षा एक चिमूट जास्त आहे, तुझ्या आईला तशी आवडायची. तुमच्या घरी चालत असेल, आवडत असेल तर खा. चालत नसेल, कुणाला सोसत नसेल, किंवा नुसती नकोच असेल, तरी मला सांग. मामीला वाईट वाटेल म्हणून घास गिळू नकोस. मला वाईट वाटेल, दोन दिवस तोंड फुगेल, मग उतरेल. तेवढं मला सोसतं, रोहिणी. दुसरं सोसलं नाही.

आजीचा नियम मी मोडते आहे. लिहायलाही जड वाटलं तर काही लिहू नकोस. नको असेल तर पिशवी रिकामी पाठव. मला आता रिकामी पिशवी चालते.

तुझी
सुकेशनी मामी